खळ्यावरची बग्गी

'बग्गी' हा शब्द आमच्या पिढीच्या वाचकांस नवा नाहीं. घोडा जोडलेली ती उघडी, चार चाकांची गाडी वरातींत जातांना आम्हीं लहानपणीं जालन्याच्या रस्त्यांवर पाहिलेली आहे. परंतु २०२४ सालच्या वैशाखांत आमच्या धाकट्या बंधूंचे चिरंजीव सुटींत पुण्याहून घरीं आले आणि त्यांनीं पिशवींतून काढून माजघरांत जी 'बग्गी' ठेवली, तिला घोडा तर नव्हताच, पण बसावयास जागाही नव्हती. सुमारें चाळीस सेंटिमीटर लांब, पाव मीटर रुंद, वजनानें दीड किलोच्या किंचित् वर. चार कांटेरी टायर, पाठीवर एक आडवी फळी, आणि अंगावर रंगीत पातळ कवच. हातांतल्या रिमोटचा चाप ओढला कीं ती सुटे, आणि त्याच्याच बाजूची चकती फिरविली कीं वळे. मध्यें तार नाहीं, दोरी नाहीं.

वाचकांपैकीं कित्येकांच्या कपाळास आठी पडेल. आमच्याही पडली होती. नवी घेतली तर किंमत पांच आंकडी. ही वर्गमित्राकडून जुनी घेतल्यामुळें निम्म्यांत पडली, हें चिरंजीवांचें समर्थन. निम्म्यांत पडलेली अनावश्यक वस्तु अनावश्यकच असते, असें आम्ही त्या वेळीं म्हणालों. पुढें सहा महिन्यांच्या आंत ह्या दीड किलोच्या वस्तूनें आमच्या एकत्र कुटुंबांत दोन चुली मांडण्याची वेळ आणली, आणि ती वेळ टळली तीही हिच्याच निमित्तानें. ती हकीकत, व तिच्या ओघांत अशी गाडी कशी लावावी ह्याविषयीं आम्ही जें कांहीं शिकलों तें, वाचकांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे. आमचें शालेय शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें, पुढें पाठशाळेंत थोडें व्याकरण व थोडा न्याय. यंत्राशीं आमचा संबंध सायकलच्या पंक्चरापलीकडे कधीं गेला नाहीं. तेव्हां जाणत्यांनीं उणें तें सांभाळून घ्यावें.

तारेवांचून दुरून आज्ञा देण्याची कल्पना आपल्या देशास परकी नव्हे. १८९५ सालीं कलकत्त्यास जगदीशचंद्र बसूंनीं भिंतीपलीकडून बिनतारी लहरी पाठवून घंटा वाजविली व दारू उडवून दाखविली. १८९८ सालीं न्यूयॉर्कला निकोला टेस्ला ह्यांनीं पाण्याच्या हौदांत एक लहान नाव दुरून चालविली, तेव्हां पाहणाऱ्यांस आंत माकड बसविलें असावें असेंही वाटलें म्हणतात. खेळण्यांत ही विद्या पुष्कळ उशिरां उतरली. जपानांत शिझुओका येथील तामिया कंपनीनें १९७९ सालीं 'सँड स्कॉर्चर' आणि 'रफ रायडर' ह्या खडबडीत जमिनीवर पळणाऱ्या दोन गाड्या काढल्या. त्यांचे नमुने अमेरिकेंतील वाळवंटांत फोक्सवागनच्या सांगाड्यावर रचलेल्या बग्ग्यांचे होते. १९८४ सालीं कॅलिफोर्नियांतून 'आरसी टेन' निघाली. ती शोभेसाठीं नव्हे तर शर्यतीसाठींच घडविलेली होती, आणि तेलानें भरलेले तिचे चार धक्के झेलणारे दंड पुढें सर्वांनीं उचलले. लगेच १९८५ सालीं कॅलिफोर्नियांतच डेल मार येथें ह्या एक-दशांश मापाच्या गाड्यांची पहिली जागतिक शर्यत झाली. आमच्या पुतण्याकडून हें सर्व आम्हीं एका दुपारीं ऐकिलें. तो अभियांत्रिकी शिकतो. त्याच्या महाविद्यालयांतील मुलें माणूस बसेल अशी खरीखुरी बग्गी बांधून 'बाहा' नांवाच्या स्पर्धेस नेतात. ही स्पर्धा आपल्याकडे २००७ सालीं इंदूरजवळ पिथमपूर येथें सुरू झाली. त्या मोठ्या गाडीस हात लावावयास मिळण्यापूर्वीं लहान गाडीवर हात बसवावा, हा त्याचा हेतु. हेतु ऐकल्यावर आठी थोडी सैल झाली.

दुसऱ्या दिवशीं गाडी शेतावर नेली. अंबड रस्त्यास आमची वडिलोपार्जित थोडी जमीन व मोसंबीची बाग आहे. गाडी सुटली, दहा पावलें गेली, बुडानें ढेंकळास घासली आणि उलटी पडली. सरळ केली, पुन्हां उलटी. आमचा नातू, वय वर्षें चौदा, जो ह्या काकाच्या मागें सावलीसारखा फिरत होता, तो रडकुंडीस आला. पुण्यास हीच गाडी एका बंदिस्त दालनांत सतरंजीसारख्या जाड आंथरीवर बाणासारखी धांवत असे म्हणे.

तंबोरा ज्याच्या पट्टींत लावावा त्याच गवयास तो साथ देतो. गाडी पुण्याच्या आंथरीला लावलेली होती. जालन्याच्या मातीला नव्हे. आमच्या जिल्ह्याची माती वाचकांस माहीत असेल. काळ्या फत्तराची झीज होऊन झालेली ही कपाशीची जमीन उन्हाळ्यांत हात जाईल अशी भेगाळते व पावसांत फुगते. पहिल्या वळिवानंतर तींत दहा हात चाललें तर पायास बुटाऐवजीं लाडू चढतात. कर्णाच्या रथाचें चाक गिळणारी भूमि असलीच असावी. अशा मातींत ना सतरंजीचे टायर चालणार, ना सतरंजीची उंची.

तेव्हां आमच्या शेताचे वाटेकरी म्हणाले, "मास्तर, खळं रिकामंच हाय की." मळणीचें यंत्र आल्यापासून आमचें खळें पडीक झालें आहे. आमच्या लहानपणीं दरसाल मार्गशीर्षांत तें नव्यानें करीत. जमीन खणून, पाणी शिंपून, धुमसानें धोपटून, वर बैल फिरवून, शेवटीं शेणानें सारवीत. मध्यें तिवडा रोवून त्याभोंवतीं बैलांची पात फिरे. जगांतील चांगल्या शर्यतींचीं मैदानें चिकणमातीचीं असतात, त्यांवर पाणी मारून तीं दाबून काढतात, असें पुतण्यानें सांगितलें तेव्हां आम्हांस हंसूं आलें. तीच आमची खळ्याची कृति. चार दिवस घरांतील सर्व पुरुष मंडळी खपली. काळ्या मातीवर मुरुमाचा थर घातला, पाणी मारलें, धोपटलें. जेथें तिवडा असे तेथें एक वळण, पूर्वेस दोन उंचवटे, आणि वाटेकऱ्यांच्या आग्रहास्तव एक 'उडी'.

आतां गाडी लावण्याविषयीं. पुतण्यानें पहिल्याच दिवशीं पांच ठिकाणचे पांच स्क्रू फिरविले आणि गाडी आणखीच बिघडली. कशानें बिघडली तें त्यासही सांगतां येईना. तेव्हां आम्हीं जुनी मास्तरकी काढली व एक नियम घातला: एका वेळीं एकच बदल करावयाचा, त्यानंतर दहा फेऱ्या मारावयाच्या, आणि काय बदललें व काय झालें तें वहींत लिहावयाचें. वही लिहिण्याचें काम नातवाकडे दिलें, कारण त्याचें अक्षर बरें आहे. हा नियम आमच्या पदरचा नव्हे. न्यायशास्त्राच्या आरंभींच्या विद्यार्थ्यालाही अन्वय आणि व्यतिरेक ठाऊक असतात. कारण असेल तेथें कार्य असतें, स्वयंपाकघरांत अग्नि आहे तेथें धूर आहे. कारण नसेल तेथें कार्य नसतें, सरोवरांत अग्नि नाहीं तेथें धूर नाहीं. अन्नंभट्टानें तर्कसंग्रहांत हेच दृष्टान्त घेतले आहेत. पांच स्क्रू एकदम फिरविणारा मनुष्य स्वयंपाकघर आणि सरोवर एकाच वेळीं तपासूं पाहतो.

पहिला बदल उंचीचा. बॅटरी आंत घालून गाडी वीतभर उंचीवरून सपाट फरशीवर सोडावी. ती स्थिरावली म्हणजे बुडाखालीं मोजावें. प्रत्येक दंडाभोंवतीं जी स्प्रिंग असते तिच्यावरची चकती फिरवून उंची कमीजास्त होते. सतरंजीवर सोळा मिलिमीटर पुरत होते. खळ्यावर आम्हांस चोवीस लागले. ह्या एका बदलानें गाडी उलटावयाची निम्मी थांबली. पुतण्या म्हणाला, हें त्यास ठाऊक होतें. असेल, परंतु वहींत नव्हतें.

नंतर तेल. स्प्रिंग धक्का घेते, पण एकटी स्प्रिंग चेंडूसारखी उसळतच राहील. तिला आवरण्यासाठीं दंडांत सिलिकोनचें दाट तेल भरलेलें असतें, आणि बारीक छिद्रांची एक चकती त्या तेलांतून वरखालीं होते. छिद्रांतून तेल जितकें सावकाश जाईल तितकी गाडी संथ. येथेंच जालना व पुणें ह्यांतला फरक आम्हांस प्रथम हातीं लागला. सकाळीं सात वाजतां गाडी गुणी मुलासारखी वागे, आणि अकरा वाजतां, पारा चाळिसाच्या वर गेला म्हणजे, तीच टणाटणा उडूं लागे. नातवानें वहींत दोन्ही वेळा लिहून ठेविल्या होत्या म्हणून ध्यानांत आलें: उन्हानें तेल पातळ होतें. तेव्हां उन्हाळ्यास एक दाट तेल आणि थंडीस एक पातळ, अशा दोन कुप्या ठेवाव्या लागतात. भरतांना दंड उभा धरून चकती हळूहळू वरखालीं करावी, आणि सगळे बुडबुडे वर येईपर्यंत धीर धरावा. आंत हवा राहिली तर दंड पोकळ होतो. डावा आणि उजवा दंड लांबीनें, तेलानें व परत येण्याच्या गतीनें अगदीं जुळे असले पाहिजेत. वाचकांनीं हें वाक्य ध्यानांत ठेवावें; पुढें त्याचें काम पडणार आहे.

टायरांविषयीं थोडेंच सांगतों. खळें ओलसर व घट्ट असेल तेव्हां बारीक दाट कांट्यांचे टायर चांगले. वर भुगा सुटला कीं उंच विरळ कांटे हवेत, म्हणजे ते भुग्यांतून खालच्या घट्ट थरापर्यंत पोंचतात. रबर मऊ असेल तर पकड चांगली, पण मुरूम तें लवकर खातो. ह्यापलीकडे टायर हा पैशाचा प्रश्न आहे.

चाकांच्या कोनांनीं मात्र आम्हांस फार आनंद दिला. चाक जमिनीशीं अगदीं काटकोनांत नसावें, त्याचा माथा किंचित्, एखाद्या अंशानें, आंत झुकलेला असावा. कारण वळतांना गाडी बाहेरच्या अंगास कलते, व त्या वेळीं तें चाक पुरतें जमिनीवर टेकतें. मोजण्यास महागडें साधन मिळतें. आम्हीं नातवाच्या कंपासपेटींतील गुण्या व एक ओळंबा ह्यांवर भागविलें. पुढचीं चाकें किंचित् बाहेर उघडीं ठेविलीं तर गाडी वळणास लवकर तोंड देते. मागचीं मात्र आंत मिटलेलीं हवींत, म्हणजे शेंपूट सुटत नाहीं. वाटेकरी हें सर्व उकिडवे बसून पाहत होते. बैलगाडीचें चाकही आंखावर अगदीं सरळ बसवीत नाहींत, हें त्यांनीं हातांनीं करून दाखविलें. चाळीस वर्षें ज्या गाडींत आम्ही शेतावर जात होतों तिच्या चाकांकडे आम्हीं कधीं निरखून पाहिलें नव्हतें.

मोटरीच्या दांड्यावर एक लहान दांतेरी चाक असतें व तें मोठ्या चाकास फिरवितें. दोहोंचे दांते फार घट्ट बसले तर मोटर तापते, सैल बसले तर दांते झडतात. त्यास युक्ति सोपी: वहीच्या कागदाची पट्टी दोन चाकांमध्यें धरून तीं एकमेकांवर दाबावीं, स्क्रू आंवळावा, व चाक फिरवून पट्टी बाहेर काढावी. पट्टीवर सुरकुत्या पडाव्या, पण ती फाटूं नये. लहान चाकास एक दांता अधिक असेल तर गाडीचा कमाल वेग वाढतो, व मोटरही अधिक तापते. आमच्या उन्हांत पांच मिनिटांनीं मोटरीवर बोट ठेववेना, तेव्हां पुतण्यानें नाखुषीनें दोन दांते कमी केले. बॅटरी लिथियमची, दोन घटांची, एकूण ७.४ व्होल्टची. प्रत्येक घट भरून ४.२ व्होल्टवर थांबवावा, आणि वापरतांना तीनाच्या खालीं कधीं जाऊं देऊं नये. ती फुगली तर पुन्हां वापरूं नये, व भरण्यास लावून कोणीं देवदर्शनास जाऊं नये. असल्या बॅटऱ्या पेटतात. आमच्या घरीं ती न्हाणीघरांतील फरशीवर, माणूस समोर बसवून भरली जाते. हें पथ्य सौ. नें घातलें.

रिमोटचें एक पथ्य आमच्याच हांतून मोडलें. आरंभीं आधीं रिमोट चालू करावा, मग गाडी. शेवटीं आधीं गाडी बंद करावी, मग रिमोट. आम्हीं एका संध्याकाळीं काटकसरीच्या बुद्धीनें आधीं रिमोट बंद केला. संकेत तुटतांच मोटर थांबावी अशी सोय यंत्रांत असते, पण ती अगोदर ठरवून ठेवावी लागते; आमची ठेवलेली नव्हती. गाडी मोसंबीच्या आळ्यांत शिरली, तेथून पाटांत. पूर्वींच्या २७ मेगाहर्ट्झच्या रिमोटांत तर शेजाऱ्याचा स्फटिक त्याच मापाचा निघाला कीं आपली गाडी त्याच्या आज्ञेंत जाई. हल्लींच्या २.४ गिगाहर्ट्झच्या यंत्रांत तें भय उरलें नाहीं. विसरभोळ्या वृद्धांचें उरलें आहे.

आणि ती उडी! गाडी उंचवट्यावरून सुटली कीं ती अधांतरीं असते. चाकांखालीं कांहीं नाहीं. तरीही तिचें नाक वरखालीं करतां येतें, ह्यावर आमचा प्रथम विश्वास बसेना. हवेंत असतांना चाप ओढला कीं मागचीं चाकें अधिक वेगानें पुढें फिरूं लागतात, व त्याची प्रतिक्रिया म्हणून गाडीचें सबंध अंग उलट दिशेस, म्हणजे नाक वर, असें फिरतें. ब्रेक दाबला कीं चाकांचें फिरणें अंगास मिळतें व नाक खालीं येतें. नातवास हें पंधरा दिवसांत साधलें. पुतण्यास साधावयास महिना लागला, आणि त्याचें वैषम्य त्यास वाटलें, हें आम्हांस तेव्हां कळावयास हवें होतें.

ज्येष्ठांत पुतण्या पुण्यास परत गेला. गाडी येथेंच राहिली. पावसाळ्यांत उघडीप मिळेल तेव्हां नातू ती खळ्यावर नेई. दसऱ्यास पुतण्या आला, त्यानें गाडी उडविली, आणि जमिनीवर येतांच ती डावीकडे हिसका देऊन आडवी झाली. पुन्हां तेंच. दहांपैकीं आठ वेळां. "माझ्यामागं तूं कोनाच्या काड्या फिरवल्यास," असें पुतण्या म्हणाला. नातू म्हणाला, हात लावला नाहीं. शब्दास शब्द लागला. गाडी आपल्या पैशाची आहे, आपण ती विकून टाकतों, असें पुतण्या बोलून गेला. तें आमच्या सुनेच्या कानीं पडलें. 'आपल्या पैशाची' हा शब्द आमच्या घरांत पंचवीस वर्षांत उच्चारला गेला नव्हता. सून चुलतसासूस कांहीं बोलली. भावजयीनें उत्तर दिलें नाहीं, पण दुसऱ्या दिवशीं आपल्या मुलाचा चहा वेगळा ठेविला. बाहेरच्यास ह्यांत कांहीं दिसावयाचें नाहीं. ज्यांचीं घरें एकत्र आहेत त्यांस वेगळ्या ठेविलेल्या चहाच्या पातेल्याचा अर्थ सांगावयास नको. दसऱ्याच्या संध्याकाळीं मुलांनीं सर्वांस सोनें दिलें, एकमेकांस दिलें नाहीं.

आम्हीं दुसऱ्या सकाळीं दोघांसही वहीसह खळ्यावर बोलाविलें. आरोप काड्यांचा होता, म्हणून प्रथम गुण्या लावला. दोन्ही बाजूंचे कोन सारखे. म्हणजे काड्या फिरविल्या असतील तर दोन्हीकडच्या सारख्याच फिरविल्या असल्या पाहिजेत, आणि तसें असेल तर गाडी एकाच बाजूस कां जावी? पुतण्या गप्प राहिला. मग मागचे दोन टायर डाव्याचे उजवीकडे केले. दहा उड्या. हिसका डावीकडेच. टायर नव्हे. मग मागचे दोन्ही दंड, डावा उजवीकडे व उजवा डावीकडे, असे बदलले. बाकी कशासही हात लावूं दिला नाहीं. पहिली उडी, आणि गाडी उजवीकडे आडवी झाली. दुसरी, उजवीकडे. दंड जिकडे जाई तिकडे दोष जाई. दंड जेथून हाले तेथून दोष हाले. अन्वय व व्यतिरेक ह्याहून स्वच्छ आम्हीं कोणत्याही ग्रंथांत पाहिलेले नाहींत. वाटेकरी बांधावरून म्हणाले, "मी कवाच सांगणार व्हतो मास्तर, त्या अंगाला पोकळ वाजायलंय." त्यांस कोणीं विचारलेंच नव्हतें. दंड बोटानें दाबून पाहण्याचेंही कोणास सुचलें नव्हतें, कारण सर्वांचें मन काड्यांवर बसलेलें होतें.

दंड उघडला. तेल निम्मेंच उरलेलें, तेंही काळें. आणि ज्या रबरी कड्यांतून दांडा आंतबाहेर होतो तीं कडीं खरडलेलीं. दांड्यावर तेलकट मातीचा लेप. पुतण्यानें तो नखानें काढून पाहिला आणि म्हणाला, ह्यावर कोणी तरी बाहेरून तेल घातलें आहे. तेल घातलें कीं धूळ चिकटते, धूळ व तेल मिळून सहाणेसारखें काम करतात, कडें झिजतें, आंतलें तेल गळतें, हवा शिरते. ह्या दांड्यांस बाहेरून वंगण कधीं घालावयाचें नसतें. कोरड्या कुंचल्यानें झाडावयाचे असतात. हें सांगतांना त्यानें नातवाकडे पाहिलें.

नातू वही उलटीत होता. त्यानें एका पानावर बोट ठेवून वही काकाकडे दिली, आणि आमच्याकडे पाहिलें नाहीं. भाद्रपदांतील एक नोंद, सुवाच्य अक्षरांत: "आजोबांनीं मागच्या डाव्या दंडास शिवणयंत्राचें तेल घातलें. उजव्यास घालणार होते, तेवढ्यांत चहा आला."

आम्हांस तें पुरतें आठवलें. गाडीच्या आंखास वंगण नसेल तर तो कुरकुरतो, हें आमचें लहानपणापासूनचें ज्ञान. त्या दिवशीं पडवींत गाडी पुढें होती, यंत्राची कुपी हाताशीं होती. एक बदल, दहा फेऱ्या, वहींत नोंद, हा नियम ज्यानें घातला त्यानेंच कोणास न सांगतां तो मोडला होता. आणि ज्या मुलावर आळ आला त्यानें नोंद करूनही तीन दिवस तोंड उघडलें नव्हतें. कां उघडलें नाहीं, असें आम्हीं वाटेंत विचारलें. "तुमचं नांव घ्यायचं होतं त्यांत," एवढेंच तो म्हणाला. पुतण्यानें त्याच्या खांद्यावर हात टाकला व दोघे आमच्या पुढें चालूं लागले.

घरीं आल्यावर आम्हीं माजघरांत दोघी स्त्रियांस बोलावून ती नोंद मोठ्यानें वाचली. पन्नास-पन्नास मुलांच्या वर्गासमोर उभे राहिलेलों आम्ही, पण तीं दोन वाक्यें वाचतांना घसा कोरडा पडला. सून पदर तोंडास लावून खालीं पाहत राहिली. भावजयीनें चुलीकडे जाऊन लहान पातेलें उतरविलें व मोठें चढविलें. सौ. म्हणाली, "म्हणजे त्या दिवशीं माझ्या चहानं एक दंड वाचवला म्हणायचा." तेव्हां कोठें सर्व हंसले.

रबरी कडीं पुण्याहून मागविलीं. मोल फार नव्हतें. दिवाळींत चौघांचें पथक, म्हणजे दोघे मुलगे, वाटेकरी आणि आम्ही, पुन्हां खळ्यावर जमलें. थंडी पडूं लागल्यामुळें पातळ तेल भरलें. दहांपैकीं नऊ उड्या सरळ उतरल्या. दहावींत नातवानें हवेंत ब्रेक उशिरां दाबला, हें त्यानें स्वतःच लिहिलें. आतां तिवड्याच्या जागेच्या वळणावर पुढचीं चाकें घसरतात अशी पुतण्याची तक्रार आहे; तो म्हणतो टायर, नातू म्हणतो पुढची स्प्रिंग, आणि वाटेकऱ्यांच्या मतें खळ्यास तेथें पाणी कमी पडलें. प्रथम पाणी मारून पाहावयाचें ठरलें आहे, कारण त्यास पैसा लागत नाहीं. वहींत 'बदल कोणीं केला' असा एक नवा रकाना आंखला आहे, आणि आमच्या हातीं शिवणयंत्राची कुपी दिसली कीं नातू आधीं लेखणी शोधूं लागतो.